अनोळखी धरणात एकट्याने होडी घालायचीय? मग आधी मे महिन्यात एक चक्कर मारून या

काठावरून गळ टाकणारे खान्देशात गावोगाव आहेत, सुट्टीच्या दिवशी कुठल्याही धरणावर जा, छत्री, डबा, दोन रॉड आणि गप्पा मारत बसलेले चार जण दिसतीलच. पण काठाची सवय झाली की नजर आपोआप मधल्या पाण्याकडे जाते आणि वाटतं की एक होडी असती तर. होडी मिळणं आता अवघड राहिलं नाही, हवेची रबरी बोट ऑनलाईन घरपोच येते. अवघड आहे ते त्याच्या पुढचं, म्हणजे ज्या धरणाचा तळ आपण कधी बघितला नाही तिथे पहिल्यांदाच आणि एकटंच कसं जायचं, ते जरा सविस्तर लिहितो. ज्याला पोहता येत नाही त्याने हे वाचून ठेवावं पण एकट्याने होडीत बसू नये, आधी पोहणं शिकून घ्या.

धरण कोणतं घ्यायचं

पहिल्या वेळी मोठ्या पाण्याचा मोह टाळा. उकाईचा फुगवटा नवापूर-नंदुरबारकडे येतो, सरदार सरोवराचा अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात शिरतो, तिथे नर्मदाकाठच्या पाड्यांना सरकारी दवाखानासुद्धा बोटीतून जातो, यावरून अंदाज घ्या. अशा ठिकाणी वारा सुटला तर काठ लांब राहतो आणि मोबाईलला रेंज नसते. गिरणा धरण पण तसंच, भरलेलं असताना समुद्रासारखं दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघू.

मध्यम आकाराचं धरण बघा. पारोळ्याकडचं बोरी, चाळीसगावकडचं मन्याड, साक्री तालुक्यातलं पांझरेवरचं अक्कलपाडा, ही या मापाची पाणी आहेत. वाघूर जळगावकरांना जवळ आहे पण जळगाव शहराला पिण्याचं पाणी तिथूनच जातं, त्यामुळे विचारपूस जास्त करावी लागेल. हतनूरबद्दल वेगळं सांगतो. ४१ दरवाज्यांचं धरण, तापी आणि पूर्णा दोन्ही नद्यांचं पाणी, आणि पूर्णेने काळ्या मातीच्या मुलखातून आणलेला गाळ. चांगदेवकडच्या फुगवट्यात पाणी लांबून भरपूर वाटतं पण जागोजाग उथळ आणि खाली चिखल, होडीतून पाय टाकला तर मांडीपर्यंत रुतायला वेळ लागत नाही. शिवाय हिवाळ्यात तिथे बाहेरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात, त्यांच्या थव्यात होडी घालणं बरं दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची धरणं दिसायला सगळ्यात सुंदर, पण त्यातलं काही क्षेत्र वनविभागाच्या हद्दीत येतं आणि यावल अभयारण्याच्या आत तर गळ टाकायचा विचारच करू नका.

महिना कोणता? पावसाळ्यात अजिबात नको, माशांचा अंडी घालायचा काळ असतो आणि वरती पाऊस झाला की दरवाजे उघडतात. एप्रिल-मे मधे जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि होडीत सावली नसते. राहिले ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. त्यातला नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतो, पाणी भरलेलं असतं, निवळलेलं असतं आणि थंडीने मासा अजून सुस्त झालेला नसतो.

पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा

हे लोकांना माहीत नसतं आणि मग काठावर भांडणं होतात. धरण जलसंपदा विभागाचं, पण आतल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बीज सोडायचा खर्च ते करतात, कटला-रोहू त्यांनी वाढवलेला असतो, आपण शहरातून येऊन फुकट ओढून न्यायचा हे त्यांना का आवडेल? म्हणून दोन ठिकाणी विचारायचं. धरणाच्या कार्यालयात विचारा की होडी उतरवली तर चालेल का आणि कुठपर्यंत जायचं नाही. संस्थेच्या चेअरमनला किंवा सेक्रेटरीला विचारा की गळाने धरले तर चालतं का, काही पैसे भरायचे का, आणि भरले तर पावती घ्या. नाही म्हटले तर नाही, दुसरं धरण शोधा, वाद घालून पाण्यात उतरलात तर अडचणीच्या वेळी मदतीला येणारी माणसं पण तीच आहेत हे लक्षात ठेवा.

इंजिन लावायचा विचार पहिल्या वेळी नको. देशांतर्गत जलयानांचा २०२१ चा कायदा आहे, त्यात यंत्रावर चालणाऱ्या बोटींना नोंदणी लागते. वल्ही बरी, आवाज पण नाही.

तळ बघायचा तो उन्हाळ्यात

आता खरं काम. धरण भरलेलं असताना वरून सगळं सारखंच दिसतं, एक सपाट चादर. त्याच्या खाली जुनी नदी असते, बुडालेली शेतं, बांध, विहिरी, एखादा रस्ता, कधी गावठाणाच्या भिंती, आणि वेड्या बाभळीची खोडं. मासा यांच्याच आसऱ्याने राहतो आणि होडी फाटते ती पण यांच्यावरच. मे महिन्यात पाणी आटून खाली गेलेलं असतं तेव्हा हे सगळं उघडं पडतं. तेव्हा होडी न घेता जायचं, सकाळी लवकर, टोपी-पाणी घेऊन, आणि नुसतं काठाकाठाने फिरायचं. मोबाईलमधे लोकेशन चालू ठेवून फोटो काढत जा म्हणजे फोटोसोबत जागा पण सेव्ह होते. जिथे नाला येऊन मिळतो ती जागा, जिथे उतार एकदम खोल जातो ती जागा, खडकाची पट्टी, उभी खोडं, विहिरीचे कठडे, सगळं.

उन्हाळा हुकला असेल तर घरबसल्या पण बरंच होतं. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, त्यात जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, मागच्या वर्षांचे एप्रिल-मेचे फोटो काढा आणि ज्या वर्षी पाऊस कमी झाला होता ते वर्ष शोधा, त्या फोटोत नदीचं जुनं पात्र बोटाने दाखवता येईल इतकं स्पष्ट दिसतं. मग तेच पान आत्ताच्या फोटोशेजारी ठेवून चार-पाच जागांवर पिन टाका आणि नकाशा ऑफलाईन डाऊनलोड करा. रोजचा पाणीसाठा टक्क्यात जाहीर होतो, पेपरात पण येतो. तुम्ही बघितलेल्या फोटोवेळी साठा २० टक्के होता आणि आता ९० आहे तर कुठली गोष्ट किती खाली गेली असेल याचा अंदाज बांधता येतो.

काठावर जाऊन माणसांशी बोलणं मात्र कुठल्याही नकाशाने भागत नाही. सकाळी जाळी काढून मासेमार काठावर येतात, तेव्हा जायचं, घाईत प्रश्न विचारायचे नाहीत, चहा सांगायचा. "आबा, होडी कुठून उतरवू?" एवढं विचारलं की बाकीचं ते स्वतःच सांगतात. एका धरणावर एका म्हाताऱ्या बाबांनी हातातलं जाळं न सोडता हनुवटीनेच दाखवलं होतं, "आठून उतर, पन त्या निंबना पल्याड जाऊ नको भो, तठे जुनी विहीर शे, पानी कमी व्हयनं का कठडा वर येस." हे वाक्य कुठल्या ॲपमधे मिळणार?

तीन गोष्टी नक्की विचारा. दुपारी वारा कुठून सुटतो, जाळी कुठे लावलेली असतात, आणि शेतकऱ्यांच्या मोटारी कुठे आहेत. जाळ्यांची खूण म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे, दोन बाटल्यांच्या मधून होडी घालायची नाही कारण मधे जाळं आहे. आणि मोटारी हा आपल्या भागातला खरा धोका आहे, फुगवट्याच्या काठाला केळीला-कापसाला पाणी न्यायला लोक मोटारी टाकतात, त्यांच्या केबल पाण्यात लोळत असतात, कुठे जोड उघडा असतो. अशा काठाला होडी लावायची नाही आणि ओली केबल बाजूला करायला हात लावायचा नाही.

होडी आणि सामान

स्थानिक मासेमार थर्माकोलच्या फळीवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून बिनधास्त जाळी लावतात, ते बघून आपण करायचं नाही, त्यांची हयात गेलीय पाण्यावर. भाड्याने पत्र्याची किंवा फायबरची होडी मिळाली तर उत्तम, ओळखीतून मिळते. स्वतःची हवेची घेणार असाल तर दोन-तीन माणसांची क्षमता लिहिलेली घ्या, एकट्याला सामानासकट तीच बरी पडते, आणि हवेचे कप्पे वेगवेगळे असलेली घ्या म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तरंगतात.

हवेच्या बोटीला खान्देशात दोन शत्रू. एक म्हणजे वेड्या बाभळीचा काटा, तो चपलेतून आरपार जातो तर पीव्हीसीचं काय. होडी जमिनीवर ओढायची नाही, खाली जुनी ताडपत्री किंवा गोणपाट अंथरून त्यावरच फुगवायची, उचलून पाण्यात ठेवायची, आणि पंक्चरचं कीट घरी वापरून बघितलेलं पाहिजे. दुसरा शत्रू ऊन. डिसेंबरच्या थंड सकाळी टणक फुगवलेली होडी दुपारी गरम वाळूवर ओढून ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवण सुटते, म्हणून काठावर थांबलात तर थोडी हवा सोडा. उलटं पण होतं, उन्हात फुगवून थंड पाण्यात टाकली की ती सैल पडते, ते पंक्चर नसतं, थोडी हवा भरली की झालं.

लाईफ जॅकेट अंगात पाहिजे, होडीत ठेवलेलं नको. आपल्या वजनाचं घ्या, सगळे पट्टे आवळून कोणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. त्यालाच शिट्टी बांधा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमधे गळ्यात, गाडीची चावी पण त्यातच. पाणी उपसायला कापलेला कॅन, छोटी टॉर्च, धारदार चाकू, जास्तीचं एक वल्हं, तीन लिटर प्यायचं पाणी. खायला भाकरी-ठेचा, शेंगदाणे आणि केळी. बाहेरच्या देशात होडीत केळी नेणं अपशकुन मानतात म्हणे, रावेर-यावलच्या माणसाने हा नियम पाळला तर उपाशीच राहायचा.

नांगराला लोखंडी आकडा हवेच्या होडीत नको. गोणीत गोटे भरा, तिचं तोंड बारीक सुतळीने बांधा आणि मोठा दोर त्या सुतळीला बांधा. गोणी खडकात अडकली तर जोराने ओढल्यावर सुतळी तुटते, गोणी जाते पण होडी सुटते. दोर खोलीच्या निदान तिप्पट हवा. आणि दोर कायम होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा, मागच्या बाजूला बांधला तर लाटा सरळ आत येतात, एकट्याच्या होडीत यापेक्षा वाईट काही नाही.

गळाचं सामान कमीच न्या. सात-आठ फुटी रॉड, मध्यम रीळ, फार तर दुसरा एक रॉड. चारा म्हणून मक्याचं पीठ आणि शेंगदाणा पेंड मळून केलेले गोळे रोहू-मृगळला चालतात, गांडूळ सगळ्यांनाच चालतं, मरळला बेडकासारखं रबरी आमिष कडेच्या गवतात ओढायचं. घरून गळ बांधूनच न्या, हलत्या होडीत गाठी मारत बसलं की लक्ष पाण्यावरून उडतं.

आदल्या दिवशी

हवामान दोन ठिकाणी बघा, हवामान खात्याचा अंदाज आणि तासातासाचा वारा दाखवणारं एखादं ॲप. ताशी १५ किलोमीटरच्या वर वारा दाखवत असेल तर हवेच्या होडीने एकट्याने जाऊ नका, दुसरा दिवस येतो. विजेसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं, ते टाकून ठेवा, ऑक्टोबरमधे परतीचा पाऊस असतो तेव्हा कामाला येतं.

मग घरी एक कागद लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर पण पाठवा. कोणतं धरण, कुठून उतरणार, गाडी कुठे लावणार, होडीचा रंग, किती वाजता काठाला लागणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला फोन करायचा. त्यात गावातल्या एका ओळखीच्या माणसाचा आणि पोलीस पाटलांचा नंबर पाहिजे, ११२ ला फोन लावला तरी पहिलं पोचणार ते गावचंच माणूस. उतरताना पोलीस पाटलांना किंवा संस्थेच्या माणसाला तोंडावर सांगून जा, आणि परत आलो हे पण सांगा, नाहीतर ती बिचारी माणसं रात्री बॅटरी घेऊन शोधत फिरायची.

त्या दिवशी

अंधारात निघायचा हट्ट नको. हिवाळ्यात थंड पाण्यात कटला-रोहू तसाही उन्हं वर आल्यावरच हालचाल करतो, त्यामुळे पूर्ण उजाडल्यावर, धुकं गेल्यावर पाण्यात पडलात तरी काही हुकत नाही. उतरायच्या जागी झाडाला लाल फडकं बांधा आणि शंभर-दोनशे फूट आत गेल्यावर मागे वळून त्या जागेचा फोटो काढा, पाण्यावरून सगळा काठ एकसारखा दिसतो. तापीच्या बाजूला असाल तर उत्तरेला सातपुड्याची रांग दिसत राहते, गिरणेच्या बाजूला दक्षिणेला अजिंठ्याची, दिशा चुकणार नाही.

पहिला अर्धा तास गळ टाकायचाच नाही. काठापासून फार लांब न जाता वल्ही मारायची, होडी कशी वळते, वाऱ्याने किती सरकते ते बघायचं. नियम एकच, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा आपल्या बाजूचा. तुम्ही वाऱ्याबरोबर मजेत लांब गेलात तर परतीला तोच वारा छातीवर येतो, आणि हवेची होडी त्याला पाठीमागे ढकलण्यातच खूश असते.

खोली मोजायला फॅन्सी यंत्र लागत नाही. दोरीला शिसं बांधा, हात-हात अंतरावर गाठी मारा, खाली सोडा आणि ओल्या गाठी मोजा. शिसं वर आलं की त्याला काय लागलंय ते बघा, चिकट काळा गाळ असेल तर तळ मऊ, काहीच न लागता टणकन आवाज आल्यासारखा धक्का बसला तर खडक. मेमधे पिन टाकलेल्या जागांवर असं करत गेलं की जिथे खोली चार-पाच हातांवरून एकदम दहाला जाते ती कड सापडते, जुन्या नदीचा काठ तोच. तिथे नांगर टाका, उथळ बाजूला गळ टाका. शिंगाडा, वाम असले तळाचे मासे खोल बाजूला, मरळ कडेच्या गवतात, रोहू-मृगळ त्या कडेवरून फिरतात.

धरणाची भिंत, सांडवा, कालव्याचं तोंड आणि पाणी उपसणारा जॅकवेल यांच्यापासून अर्धा किलोमीटर तरी लांब राहा. रब्बीचं आवर्तन चालू असेल तेव्हा कालव्याच्या तोंडाकडे पाणी ओढ घेतं आणि वरून ते शांत दिसतं. फुगवट्याच्या कडेला अजिबात लाटा नसलेली जागा दिसली तर तिथे गाळ असण्याची शक्यता धरा, उतरायच्या आधी वल्ह्याने तळ टोचून बघा.

होडीत उभं राहायचं नाही, मोठा मासा लागला तरी नाही. तो दमेपर्यंत बसूनच खेळवायचा आणि जाळीने उचलायचा. मऊ पाठीचं कासव गळाला लागू शकतं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, वर ओढू नका, गळाजवळ दोरी कापून सोडून द्या. अंडी धरलेली मादी आणि लहान मासा परत सोडा, संस्थेला पण ते आवडतं आणि पुढच्या वेळी परवानगी पटकन मिळते.

परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि मोबाईलला अलार्म लावा. मी दुपारी बाराच्या आत काठाला लागायचं असं सांगेन कारण त्यानंतर वारा चढतो. अलार्म वाजला आणि नेमका तेव्हाच मासा लागायला लागला, तरी निघायचं, कुठल्याही बहाण्याने अर्धा तास वाढवला की पुढचे सगळे हिशोब बिघडतात.

काही झालंच तर

होडी उलटली तर ती सोडायची नाही. काठ जवळ वाटतो पण कपड्यांसकट पोहायला तो फार लांब असतो, उलटी होडी पण तरंगते आणि लांबून दिसते. शिट्टी वाजवा, तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. परत चढायचं तर मागच्या टोकाकडून, बाजूने चढायला गेलात तर पुन्हा उलटेल. हे सगळं घरी वाचून येत नाही, पहिल्या ट्रिपच्या आधी कंबरभर पाण्यात कोणाला तरी सोबत घेऊन मुद्दाम उलटून बघा, हसू येईल पण करा.

ढग गडगडला की विचार न करता जवळचा काठ गाठायचा, आपला काठ असेलच असं नाही. रॉड खाली ठेवायचे आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. गळ बोटात रुतला आणि काटेरी टोक आत गेलं असेल तर ओढू नका, दोरी कापा, रुमाल गुंडाळा आणि दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल. काठावर उतरताना गवतात वल्हं आपटत जा, घोणस उन्हाला पडलेली असते. चावली तर बांधाबांध आणि कापाकापी न करता १०८ ला फोन लावा, हातपाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा.

काठाला लागलात की आधी घरी फोन, मग गावातल्या माणसाला, आणि त्यानंतर मासे मोजा. तुटलेली तंगूस दोरी आणि प्लास्टिक तिथे टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकते. होडी पुसून सावलीत वाळवा, आणि घरी गेल्यावर त्याच नकाशावर लिहून ठेवा की कुठल्या पिनला किती खोली निघाली, तळ कसला होता, वारा किती वाजता फिरला.